भरलं म्हणजे पोचलं नव्हे! शाळेची माहिती, मोबाइल आणि पोचपावती



आज जरा वेगळा विषय घेतेय. विषय तांत्रिक आहे, पण रोज सकाळी साडेदहाला आपल्या सगळ्यांच्या हातात असतो, तो म्हणजे मोबाइलवरून सर्व्हरवर माहिती पाठवणं. हजेरी, पोषण आहाराची संख्या, आधार पडताळणी, चाचणीचे गुण, असं सगळं आपण भरतो आणि 'सबमिट' दाबतो. गोल चक्र फिरत राहतं. मग एक तर हिरवी खूण येते, नाही तर काहीच येत नाही. आणि हे 'काहीच येत नाही' हाच आजचा मुद्दा आहे.

मी पालघर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. इंजिनिअर नाही, डी.एड. झालेली साधी शिक्षिका आहे. तरीही या विषयावर बोलायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटतं, कारण माहिती पोचली नाही तर खुलासा आपल्याकडे मागितला जातो आणि नुकसान मुलांचं होतं. माझं मत आधीच सांगून टाकते : माहिती भरणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. ती पोचवणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे. या दोन जबाबदाऱ्यांची आज गल्लत झाली आहे, आणि ती सुटेपर्यंत कितीही नवी ॲप आली तरी आकडे खरे होणार नाहीत.

आपला जिल्हा आणि आपली रेंज

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. आठ तालुके. पण नेटवर्कच्या हिशेबाने पाहिलं तर दोनच जिल्हे आहेत. एक रेल्वेच्या बाजूचा : विरार, सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू. दुसरा हायवेच्या पलीकडे डोंगराकडचा : जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि डहाणू-तलासरीचा आतला भाग. बोईसर-तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, शेजारी एवढी मोठी एमआयडीसी आहे. तिथून तासाभराच्या अंतरावर अशा शाळा आहेत, की गुरुजी हजेरी भरायला मोबाइल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण बोईसरच्या शाळेतही सगळं आलबेल असतं असं समजू नका. तिथे पाच दांड्या दिसतात, तरी ॲप चालत नाही. कारण त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की मोबाइलला टॉवर दिसतोय. टॉवरच्या पुढचा रस्ता मोकळा आहे का, सर्व्हर जागा आहे का, हे दांड्या सांगत नाहीत. स्टेशनवर गाडी लागलेली दिसते म्हणून आत पाय ठेवायला जागा असेलच असं नाही, सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

म्हणून 'टॉवर उभारा म्हणजे प्रश्न सुटेल' हे अर्धंच उत्तर आहे. टॉवर हवेतच. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्याची योजना मंजूर केली, २६,३१६ कोटी रुपयांची. चांगलंच आहे. पण पावसाळ्यात दोन दिवस वीज नसली की टॉवरही झोपतो. रेंज येणार-जाणार, हे धरूनच ॲप बनवलं पाहिजे. छत्री आपण ऊन असतानाच विकत घेऊन ठेवतो ना?

व्हॉट्सॲपकडून एवढं तरी शिका

आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घेऊ. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला आणि रेंज नसली तर काय दिसतं? छोटंसं घड्याळ. याचा अर्थ, मेसेज तुमच्याच मोबाइलमध्ये आहे, सुरक्षित आहे, रेंज आली की जाईल. मग एक टिक येते : मेसेज सर्व्हरवर पोचला. मग दोन टिक : समोरच्याच्या मोबाइलवर पोचला. चौथी शिकलेली आजीसुद्धा 'अजून एकच टिक आलीय गं' असं सांगते.

आता आपली रोजची सरकारी ॲप आठवा. रेंज गेली की भरलेलं सगळं गायब, पुन्हा पहिल्यापासून भरा. किंवा 'काहीतरी चूक झाली आहे, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच वाक्य. काय चूक झाली, माहिती गेली की नाही, काहीच कळत नाही. घड्याळ नाही, टिक नाही. मग आपण काय करतो? स्क्रीनशॉट काढतो आणि केंद्राच्या ग्रुपवर टाकतो. म्हणजे माहिती पोचल्याचा पुरावाही आपणच तयार करायचा!

एकदा आमच्या शाळेची माहिती भरल्याचा संदेश ॲपवर स्पष्ट आला होता. दुसऱ्या दिवशी 'माहिती न भरलेल्या शाळा' या यादीत आमचं नाव. खुलासा द्यावा लागला. स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा विषय मिटला. पण मनात प्रश्न राहिला : हिरवी खूण आली होती ती नक्की कोणी दिली? माझ्या मोबाइलमधल्या ॲपने, की तिकडच्या नोंदवहीने?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत जाते. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, पलीकडून त्याची पोच येते, पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवला जातो. या पद्धतीला टीसीपी म्हणतात. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली आणि १९८१ मध्ये तिचे नियम पक्के झाले. म्हणजे तुकडे सांभाळायची सोय मोबाइलमध्ये आधीपासून आहे. पण ही पोच म्हणजे पोस्टमनने दारातल्या रखवालदाराची सही घेण्यासारखी आहे. पत्र इमारतीत पोचलं, पण साहेबांच्या टेबलावर गेलं का? फाइलला लागलं का? सर्व्हरच्या दारापर्यंत माहिती गेली आणि आत नोंद व्हायच्या आधीच सर्व्हर बंद पडला, तर दारातली पोच काय कामाची? अमेरिकेतल्या साल्टझर, रीड आणि क्लार्क या तीन संशोधकांनी १९८४ च्या एका प्रसिद्ध लेखात हेच सांगितलं, की पक्की खात्री हवी असेल तर ती दोन टोकांनीच एकमेकांकडून घ्यायला हवी, मधल्या कुणाच्या भरवशावर राहून चालत नाही.

आवक-जावक : आपल्या ऑफिसने सोडवलेलं कोडं

डी.एड.ला शालेय अभिलेख शिकताना आवक-जावक नोंदवही आपण पाठ केली होती. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, मोबाइल आणि सर्व्हरचं अर्धं शास्त्र त्या वहीत आहे.

पंचायत समितीत पत्र द्यायला जाताना आपण काय करतो? पत्रावर जावक क्रमांक आणि दिनांक घालतो. सोबत स्थळप्रत नेतो. तिथला लिपिक पत्र घेतो, आवक नोंदवहीत नोंद करतो, आणि मग आपल्या स्थळप्रतीवर शिक्का मारून सही करतो. या शिक्क्याला आपण 'पोच' म्हणतो. पोच घेतल्याशिवाय अनुभवी मुख्याध्यापक टेबलापासून हलत नाहीत. यात तीन गोष्टी आहेत :

१) पोच मिळेपर्यंत आपली प्रत आपल्याकडेच राहते.
२) पोच नोंद झाल्यानंतर मिळते, आधी नाही.
३) प्रत्येक पत्राला स्वतःचा क्रमांक असतो.

पहिले दोन मुद्दे सहज पटतात. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी एक जुनं कोडं सांगते.

दोन सेनापतींचं कोडं

१७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तारापूरचा किल्लाही घेतला, हे आपण परिसर अभ्यासात सांगतोच. आता फक्त कल्पना करा, हा इतिहास नव्हे : किल्ल्याच्या उत्तरेला एक तुकडी, दक्षिणेला दुसरी. दोघींनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय, एकटीने केला तर नाश. निरोप न्यायचा तर जासूद शत्रूच्या पहाऱ्यातून जाणार, तो वाटेत पकडला जाऊ शकतो.

उत्तरेचा सेनापती निरोप धाडतो, 'पहाटे हल्ला'. पण निरोप पोचला की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो उत्तराची वाट बघतो. दक्षिणेचा सेनापती 'मिळाला' असं उत्तर धाडतो. पण हे उत्तर पोचलं की नाही हे आता दक्षिणेच्या सेनापतीला माहीत नाही! मग त्या उत्तराला उत्तर, त्याला परत उत्तर... याला अंतच नाही. शंभर जासूद पाठवले तरी दोघांनाही शंभर टक्के खात्री कधीच होत नाही. संगणकशास्त्रात याला दोन सेनापतींचं कोडं म्हणतात. जिम ग्रे या संशोधकाने १९७८ मध्ये त्याला हे नाव दिलं. बेभरवशाच्या वाटेवरून पूर्ण खात्री मिळवणं अशक्य आहे, हे सिद्ध झालेलं आहे.

आता हे आपल्या मोबाइलला लावा. तुम्ही सबमिट दाबलं, उत्तर आलं नाही. दोन शक्यता आहेत. एक, तुमची माहितीच वाटेत हरवली. दोन, माहिती पोचली, नोंदही झाली, पण परत येणारी पोच हरवली. मोबाइलला या दोन्हींत फरक करता येतच नाही. दोन्हीकडे शांतताच.

मग काय करायचं? परत पाठवलं नाही तर नोंद राहून जाण्याची भीती. परत पाठवलं तर दोनदा नोंद होण्याची भीती. शाळेचंच गणित घ्या. पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. ६२ मुलं जेवली तर ६ किलो २०० ग्रॅम. तीच संख्या दोनदा मिळवली गेली तर १२ किलो ४०० ग्रॅम. पोर्टलवरचा साठा आणि कोठीतला साठा जुळणार नाही, आणि तपासणीला आलेले साहेब विचारणार, 'बाई, बाकीचा तांदूळ गेला कुठे?' तांदूळ कुठेच गेला नाही, फक्त पोच हरवली. पण हे सिद्ध कसं करणार?

उत्तर जावक क्रमांकात आहे. मोबाइलने प्रत्येक नोंदीला पाठवण्याआधीच एक न बदलणारा क्रमांक द्यायचा. पोच येईपर्यंत तीच नोंद, त्याच क्रमांकाने, पुन्हा पुन्हा पाठवायची. सर्व्हरने क्रमांक पाहायचा. नवा असेल तर नोंद करून पोच द्यायची. आधी आलेला असेल तर नवी नोंद न करता फक्त पोच पुन्हा द्यायची. लिपिक म्हणतो ना, 'हे पत्र परवाच आलंय हो, हा घ्या शिक्का'. तसंच. मग मी दहादा सबमिट दाबलं तरी तांदूळ ६ किलो २०० ग्रॅमच राहील.

म्हणजे पूर्ण खात्री अशक्य असली तरी व्यवहार बिनचूक करता येतो. हे आजचं संशोधन नाही, जुनं आणि रुळलेलं ज्ञान आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी एमक्यूटीटी नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात पाठवणाऱ्याला तीन पातळ्या मिळतात : जास्तीत जास्त एकदा, कमीत कमी एकदा, आणि बरोबर एकदा. कारखान्यात दर सेकंदाला तापमान पाठवणारं यंत्र असेल तर एखादा आकडा हरवला तरी चालतो, पुढच्या सेकंदाला दुसरा येतोच. पण मुलाची हजेरी दिवसातून एकदाच घेतली जाते. ती 'बरोबर एकदा' याच रकान्यातली गोष्ट आहे.

पैशाला एक न्याय, पोराला दुसरा?

कोणी म्हणेल, बाई, एवढं सगळं आपल्या देशात कुठे होतं? होतं की! बोईसरच्या नाक्यावर वडापाव घ्या आणि मोबाइलने पैसे द्या. यूपीआय २०१६ मध्ये आलं. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो. 'प्रलंबित' अशी वेगळी अवस्था दाखवली जाते. आणि एवढ्यावर थांबलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं : यूपीआयने एकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाने तक्रार केली नसेल तरीसुद्धा!

यातला विचार पाहा. वाटेत काही हरवलं तर दोष ग्राहकाचा नाही, हे नियमानेच ठरवलंय. वडापावच्या २० रुपयांना ही किंमत आहे. मग दुसरीतल्या पोराच्या हजेरीला का नाही? तिथे माहिती वाटेत हरवली की भरपाई सोडाच, खुलासा देणाऱ्यालाच मागतात.

रिकामं आणि शून्य

आता मुलांच्या नुकसानाबद्दल. पहिलीच्या मुलांना शून्य शिकवताना आपण किती कष्ट घेतो! 'टोपलीत आंबे नाहीत म्हणजे शून्य. टोपली पाहिलीच नाही म्हणजे शून्य नव्हे, माहीत नाही.' हा फरक मोठमोठ्या यंत्रणांना कळत नाही. माहिती पोचली नाही तो रकाना रिकामा असतो. पण वर बेरीज करताना तो शून्य धरला जातो. मग कागदावर काय दिसतं? त्या दिवशी त्या शाळेत एकही मूल आलं नाही, कुणी जेवलं नाही.

आपल्याकडे दिवाळीनंतर किती कुटुंबं वीटभट्टीवर जातात, हे सांगायला नको. वारली, कातकरी मुलं आई-बापांबरोबर वसई, भिवंडीकडे जातात. त्यांचा माग राहावा म्हणून आपण शिक्षण हमी कार्ड देतो. अशा मुलाचे गैरहजर दिवस ही खरी, मोलाची माहिती आहे. सलग चार दिवस आलं नाही म्हणजे घरी जाऊन चौकशी करायला हवी. पण त्याच यादीत रेंज नसल्यामुळे पडलेले खोटे गैरहजर दिवस मिसळले, तर खरं स्थलांतर ओळखायचं कसं? नुसता शिक्षकाला त्रास होतो म्हणून मी हे लिहीत नाहीये. हरवलेल्या माहितीच्या ढिगात हरवलेलं मूल दिसत नाही, हा खरा धोका आहे.

आणि दुसरा धोका बोलायला अवघड आहे, तरी बोलते. ठरलेल्या वेळेत भरलंच पाहिजे आणि रेंज फक्त घरी किंवा रस्त्यावर आहे, अशा कात्रीत माणूस काय करणार? शाळेत पोचायच्या आधीच, नाक्यावर थांबून, अंदाजे आकडा टाकून मोकळा होणार. तो शिक्षक खोटारडा नसतो. वेळेचं बंधन आणि रेंजचा अभाव मिळून त्याला अंदाज करायला लावतात. आकडे वेळेवर येतात, शंभर टक्के शाळा हिरव्या दिसतात, आणि त्यातलं खरं किती हे कुणालाच माहीत नसतं.

ही कामं काही डोंगराएवढी नाहीत

सरल २०१५ ला आलं, यूडायस प्लस २०१८-१९ पासून ऑनलाइन झालं, २०२३ च्या डिसेंबरपासून हजेरी चॅटबॉटवर भरायच्या सूचना आल्या. अंगणवाडीताईंकडे २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे. त्याच वर्षी राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते कमी क्षमतेचे आहेत आणि ॲप मराठीत नाही म्हणून. म्हणजे तक्रार एकट्या आपली नाही आणि नवीही नाही.

पण पाठवायची माहिती केवढी असते? ४० मुलांची हजेरी म्हणजे ४० वेळा 'हो' किंवा 'नाही'. संगणकाच्या भाषेत ४० बिट, म्हणजे फक्त ५ बाइट. मोबाइलने काढलेला एक फोटो सहज ३० लाख बाइटचा असतो, म्हणजे हजेरीच्या ६ लाख पट! साध्या एसएमएसमध्ये १६० इंग्रजी अक्षरं मावतात. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, तारीख, इयत्ता आणि संख्या, सगळं त्यात बसून जागा उरेल. आणि जिथे नेट चालत नाही तिथेही एसएमएस बरेचदा जातो. मग ही एवढीशी माहिती पाठवायला फोटो, ओटीपी आणि जडशीळ पानं कशाला?

दुसरी गोष्ट वेळेची. सगळ्या शाळांनी एकाच अर्ध्या तासात भरायचं असं ठरवलं की काय होतं? राज्यात एक लाखाहून जास्त शाळा आहेत. अर्ध्या तासात १८०० सेकंद. शाळेमागे एकच नोंद धरली तरी सेकंदाला पन्नासहून जास्त. उत्तर येत नाही म्हणून प्रत्येकाने पाच-पाच वेळा दाबलं, तर सेकंदाला अडीचशेच्या वर. म्हणजे सर्व्हर अडखळला की गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली की तो आणखी अडखळतो. मधल्या सुट्टीत नळावर काय होतं तेच. तिथे आपण शिट्टी वाजवून वर्गवार सोडतो. ॲपनेही तेच करायचं असतं : पहिल्यांदा गेलं नाही तर थोडं थांबायचं, पुन्हा गेलं नाही तर दुप्पट थांबायचं, आणि प्रत्येक मोबाइलने थोडं वेगवेगळ्या वेळी जायचं. हे काम ॲपने गुपचूप करावं. बाईंनी फळा सोडून मोबाइल धरून बसू नये.

एक आक्षेप, आणि त्याचं उत्तर

'ऑफलाइन भरायची सोय दिली तर शिक्षक मागच्या तारखा टाकून वाटेल ते भरतील', असं काही अधिकारी म्हणतात. त्यांची शंका अगदीच चुकीची नाही. पण उपाय सोपा आहे. प्रत्येक नोंदीबरोबर दोन वेळा जपा : नोंद केव्हा केली आणि सर्व्हरला केव्हा मिळाली. सकाळी १०:५० ला नोंद, दुपारी ४:१० ला पोच, असं स्पष्ट दिसू दे. मोबाइलचं घड्याळ कुणी मागेपुढे केलं तर पाठवताना सर्व्हरला तो फरक दिसतो. रोजच दहा तासांचा फरक पडत असेल तर जरूर विचारा. उत्तर 'रेंज नाही' असेल तर टॉवर कुठे हवा हे आपोआप कळेल! उलट, ऑफलाइनची सोय नसली की अंदाजे भरलेला आकडा आणि मोजून भरलेला आकडा सारखेच दिसतात. म्हणजे विश्वास नाही म्हणून घातलेलं बंधन खोटेपणाच लपवतं.

माझ्या मागण्या

शिक्षणासाठी बनणाऱ्या कुठल्याही ॲपला मंजुरी देताना या सात गोष्टी पाहाव्यात :

१) रेंज नसताना नोंद मोबाइलमध्ये सुरक्षित राहावी आणि रेंज आली की आपोआप जावी.
२) प्रत्येक नोंदीला न बदलणारा क्रमांक असावा, दोनदा गेली तरी एकदाच धरली जावी.
३) हिरवी खूण सर्व्हरवर नोंद झाल्यावरच यावी, आणि सोबत पोच क्रमांक मिळावा.
४) 'मोबाइलमध्ये आहे', 'वाटेत आहे', 'पोचली' या तीन अवस्था मराठीत दिसाव्यात.
५) माहिती आली नाही तो रकाना रिकामा दाखवावा, शून्य नाही.
६) एकदा दिलेली माहिती दुसऱ्या पोर्टलला पुन्हा मागू नये.
७) मंजुरीपूर्वीची चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. मोखाड्यातल्या शाळेत, जुलै महिन्यात, साध्या मोबाइलवर करा.

आणि आठवी, नियमाची : पोच क्रमांक असलेल्या किंवा मोबाइलमध्ये वेळेसह जपलेल्या नोंदीबद्दल शिक्षकाकडे खुलासा मागू नये.

वर्गात घ्यायचा खेळ

हे सगळं चौथी-पाचवीच्या मुलांना छान समजतं. मैदानावर दोन गट करा, 'मोबाइल' आणि 'सर्व्हर'. मध्ये चार मुलं 'निरोपे', आणि एक मूल 'डोंगर'. मोबाइल गटाने दहा चिठ्ठ्या पाठवायच्या. डोंगराने मधूनमधून एखादी चिठ्ठी खिशात घालायची, जाताना किंवा येताना.

पहिली फेरी : नुसत्या चिठ्ठ्या पाठवा. शेवटी मोजा, काही कमी भरतील.
दुसरी फेरी : सर्व्हरने प्रत्येक चिठ्ठीची पोच द्यायची, पोच आली नाही तर मोबाइल गटाने चिठ्ठी पुन्हा पाठवायची. आता मोजा, काही जास्त भरतील! का बरं? मुलांनाच शोधू द्या.
तिसरी फेरी : चिठ्ठ्यांवर १ ते १० क्रमांक घाला. सर्व्हरने आधी आलेला क्रमांक बाजूला ठेवून फक्त पोच द्यायची. आता दहाला दहा.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने दुसऱ्या फेरीनंतर स्वतःहून सांगितलं, 'बाई, नंबर टाकायला पायजे.' नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मैदानावर वीस मिनिटांत जे सुचतं, ते रोज लाखो मुलांची माहिती घेणाऱ्या ॲपमध्ये असायलाच हवं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. हजेरी आधी कागदी पत्रकावर, मग मोबाइलवर. माहिती गेली नाही तर अंदाजे आकडा न टाकता पत्रकावर वेळ आणि 'नेटवर्क नाही' असा शेरा लिहू या. केंद्राच्या बैठकीत 'ॲप चालत नाही' असं मोघम न बोलता 'आमच्या शाळेला पोच मिळत नाही' असं नेमकं बोलू या. प्रश्न नेमका मांडला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं.

आमच्याकडून माहिती जरूर मागा. आम्ही देऊ, खरी देऊ, वेळेत देऊ. बदल्यात फक्त पोच द्या.